बरगडीचा कान

माणूस चेहऱ्यावरून ओळखतात, हे भाऊंना कधी पटलंच नाही. चेहरा काय, दाढी वाढली की बदलतो, दोन किलो वजन चढलं की बदलतो, बायकोशी वाजलं की त्या दिवसापुरता बदलतो. कान मात्र आहे तसा राहतो. पाच वर्षांनी एखादं गिऱ्हाईक येऊन खुर्चीत बसलं, की भाऊ त्याच्या गळ्याभोवती कापड गुंडाळता गुंडाळता कानाकडे बघायचे आणि सहज विचारायचे, "काय, मिळाली का मुलाला नोकरी? मागच्या वेळी फार काळजीत होतात." गिऱ्हाईक चाट पडायचं.

भाऊंचं दोन खुर्च्यांचं सलून होतं, चौकापासून तिसरं दुकान. त्यांचं खरं नाव परवान्यावर होतं आणि परवाना आरशामागे, त्यामुळे ते फारसं कुणी वाचलेलं नव्हतं. सगळे भाऊच म्हणायचे. कानामागचे केस कापायची त्यांची एक खास पद्धत होती. डाव्या हाताच्या दोन बोटांनी ते कान अलगद पुढे दुमडायचे, कात्री मागून वळसा घालून यायची आणि कान परत जागेवर. कानाच्या भागांना त्यांनी स्वतःच नावं ठेवली होती. बाहेरची कमान, आतली कमान, मधली वाटी, वाटीच्या तोंडाशी छोटी टेकडी, आणि खाली पाळी. एकाच माणसाचे दोन कानसुद्धा सारखे नसतात, हा तर त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय.

"तुमचा डावा अर्ध्या बोटाने खाली आहे," त्यांनी एकदा पोस्टातून निवृत्त झालेल्या काकांना सांगितलं.

"साठ वर्षं हे कान घेऊन फिरतोय भाऊ, आणि तुम्ही आज सांगताय होय?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

अशा माणसाच्या घरी मुलगी झाली. सिस्टरने बाळ आणून हातात दिलं तेव्हा भाऊंनी सवयीने आधी कानच पाहिला. डावा कान वर होता. इतका रेखीव, की ओल्या मातीत कुणी बोटाने काढावा. भाऊ हसले. तेवढ्यात बाळाने तोंड फिरवलं आणि उजवी बाजू वर आली.

तिथे कान नव्हता. कानाच्या जागी मातीतून उपटलेल्या शेंगेएवढी मऊ, उभी गुंडाळी होती आणि तिच्या बुडाशी पाळीचा जेमतेम कोंभ. भोक नव्हतंच. भाऊंनी काही कळायच्या आत दुपट्याचं टोक त्यावर ओढलं. मग त्यांना स्वतःचीच इतकी लाज वाटली, की ते टोक त्यांनी हळूच परत मागे घेतलं.

त्यांची बायको, म्हणजे गिऱ्हाइकांच्या वहिनी, घरी मशीनवर लोकांचे कपडे शिवायच्या. धीराची बाई. पण त्या दिवशी त्यांनी एकच प्रश्न चार वेळा विचारला. "माझ्याकडूनच काही चुकलं का हो?"

"कुणाकडूनच नाही," मुलांच्या डॉक्टरांनी सांगितलं. "पोटात कान तयार होत असताना तिथेच थांबला. काही हजार बाळांत एखाद्याचं असं होतं. दुसरा कान उत्तम आहे, ती बोलायला शिकेल, शाळेत जाईल. कान करायचाच असेल तर मुलगी दहाएक वर्षांची झाल्यावर. तोवर तिला खेळू द्या."

आणि ती खेळलीच. एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. ऐकू यायला डावा कान पुरत होता, फक्त जेवताना ती कायम उजवीकडे भिंत येईल अशी बसायची आणि रस्त्यात माणसाच्या उजव्या हाताला चालायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिचे केस भाऊ स्वतः कापायचे. डावीकडे आखूड, उजवीकडे उतरत जाऊन जबड्यापर्यंत. तो तिरका कट इतका झोकात दिसायचा, की गल्लीतल्या दोघीतिघींनी "भिंगरीसारखे कापा" म्हणून हट्ट धरला. भाऊंनी कापून दिले. त्या कटाचं कारण मात्र त्यांनी कुणाच्या कानावर घातलं नाही.

आठव्या वर्षी शाळेतल्या तपासणीत भिंगरीला चष्मा लागला आणि सगळी पंचाईत झाली. चष्म्याची उजवी काडी टेकणार कशावर? चष्मेवाल्याने इलॅस्टिकची पट्टी लावून दिली. ती केसांत गुंतायची, घसरायची, पळताना चष्मा नाकाच्या शेंड्यावर यायचा. एक दिवस ती सलूनमध्ये आली, पट्टी आरशासमोर आपटली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही रोज एवढे कान बघता. कुणाकडे एखादा जास्तीचा नाही का मिळत?"

काका खुर्चीतच होते. हसावं की काय करावं ते त्यांना कळेना. भाऊंनी कात्री खाली ठेवली. "चौकशी करू," ते म्हणाले.

महिनाभराने तिघंही मोठ्या इस्पितळात प्लास्टिक सर्जरीच्या विभागात जाऊन बसले. भाऊंची समजूत अशी, की इथे नट्या आणि श्रीमंत लोक येत असतील. बाकावर तर सगळी आपल्यासारखीच माणसं. एका आजींच्या पापण्या इतक्या उतरल्या होत्या, की वाचताना एक पापणी बोटाने वर धरावी लागायची. "वरची जादा कातडी काढणार आहेत," त्या म्हणाल्या. "टाके पापणीच्या घडीत लपतात म्हणे. दोन आठवडे डोळे काळेनिळे, मग मोकळी." एका पाव भाजणाऱ्या माणसाची मान भट्टीच्या भाजण्याने आखडून छातीकडे ओढली गेली होती. ती सोडवून त्याच्या मांडीवरची पातळ कातडी तिथे लावली होती, आणि आता तो ज्याला त्याला मान वळवून दाखवत होता. एका तरुण बाईने वहिनींच्या जवळ सरकून हलक्या आवाजात सांगितलं, की तिला छातीचं ओझं कमी करून घ्यायचंय, खांद्यांवर पट्ट्यांचे चर पडलेत आणि पाठ धरून बसतेय. "नटायला नाही हो. पाठीसाठी." आणि एक मुलगा नाकासाठी आला होता. आतला पडदा वाकडा म्हणून त्याला एका नाकपुडीने श्वास येत नव्हता. पडदा सरळ करायला इथल्या डॉक्टरबाई तयार होत्या. बाहेरून मात्र त्याला एका नटासारखं नाक हवं होतं, आणि "आधी स्वतःचा चेहरा आरशात नीट बघून ये" म्हणून त्यांनी त्याला दोनदा परत पाठवलं होतं.

डॉक्टरबाई पंचेचाळिशीच्या, डावखुऱ्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी आईबापांना बसा म्हटलं आणि खुर्ची भिंगरीसमोर ओढली, तीही तिच्या डाव्या बाजूला.

"कान कुणाला हवाय?"

"मला."

"कशाला?"

"चष्म्याला. आणि वारा आला की केसांवर हात ठेवायला लागतो, मग पळताच येत नाही."

डॉक्टरबाईंनी हे लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "आधी जे होणार नाही ते सांगते. या कानाने तुला ऐकू येणार नाही. आत वाटच तयार झालेली नाही. ऐकण्यासाठी वेगळं यंत्र मिळतं, ते कानाचे डॉक्टर सांगतील. मी करते तो कान दिसायचा आणि चष्मा ठेवायचा."

"चालेल. डाव्याने येतंय."

"भाऊ, काहीच न करणं हाही एक मार्ग आहे बरं का. कित्येक जण तसेच राहतात आणि सुखात असतात. दुसरा मार्ग, रबरासारखा हुबेहूब कान करून चिकटवायचा. छान दिसतो, पण रोज काढा, रोज लावा, आणि काही वर्षांनी नवा घ्या. तिसरा, कारखान्यात बनलेला सांगाडा कातडीखाली बसवायचा. आणि चौथा, जो मी करते, तिच्याच बरगडीचा."

वहिनींनी पदराचं टोक मुठीत धरलं. "हाड काढणार?"

"हाड नाही. बरगड्या पुढे छातीच्या मधल्या हाडाला मिळतात ना, तिथलं टोक लवचिक असतं. कूर्चा. तुमच्या नाकाच्या शेंड्याला हात लावून बघा, तसली. ती थोडी घ्यायची, तिच्यातून कानाचा सांगाडा कोरायचा आणि इथल्या कातडीखाली सरकवायचा. सहाएक महिन्यांनी दुसरं ऑपरेशन, त्यात कान डोक्यापासून उचलून उभा करायचा."

"मग हे प्लास्टिक कुठे वापरता?" भाऊंनी विचारलं. काकांनी मुद्दाम विचारायला सांगितलं होतं, किती वर्षं टिकतं ते.

डॉक्टरबाई हसल्या. "कुठेच नाही. त्या शब्दाचा जुना अर्थ घडवणं. मडकं घडवतात तसं."

मग त्यांनी धोके सांगितले, एकही गाळला नाही. कान दुखणार नाही तेवढी छाती दुखेल. छातीवर बोटभर व्रण राहील, कदाचित थोडा खड्डाही. बरगडीखाली फुप्फुसाचं आवरण असतं, त्याला क्वचित भोक पडतं. ते तिथल्या तिथे शिवतात. जंतू शिरू शकतात. वरची कातडी एखाद्या जागी काळी पडून आतली कूर्चा उघडी पडू शकते, मग आणखी टाके, आणखी वेळ. "आणि दोन्ही कान तंतोतंत सारखे होणार नाहीत. हे आत्ताच ऐकून ठेवा."

"कुणाचेच नसतात," भाऊ पटकन बोलून गेले.

डॉक्टरबाईंनी मान वर केली. "म्हणजे?"

मग भाऊंना थांबवणं कठीण झालं. आतली कमान वर जाऊन दोन फाटे कशी फुटते, म्हाताऱ्यांची पाळी कशी लांबत जाते, कान डोक्यापासून कुणाचा एक बोट सुटलेला असतो तर कुणाचा दोन. डॉक्टरबाई पेन खाली ठेवून ऐकत राहिल्या. बाहेरची रांग चुळबुळायला लागली.

"मला हे शिकायला सात वर्षं लागली," त्या शेवटी म्हणाल्या. "गाजरं कोरून शिकले मी. शेकडो गाजरं."

त्याच संध्याकाळी भाऊंनी किलोभर गाजरं आणली. बावीस वर्षं वस्तरा चालवलेला हात, त्यात काय मोठंसं, असं त्यांना वाटलं होतं. पहिलं गाजर कमानीपाशी मोडलं. दुसऱ्याची वाटी आरपार झाली. तिसरं त्यांना बरं वाटलं, तर भिंगरी म्हणाली, "बाबा, हा तर चमचा." चार दिवस घरात गाजराची भाजीच होती. पाचव्या दिवशी भाऊंनी वस्तरा पुसून ठेवला आणि बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत बसले. हजारो कान या बोटांनी दुमडले होते, आणि त्यांतला एकही त्यांना करता येत नव्हता. जगात कुणाला तरी येतो, आणि ती बाई आपल्या मुलीची वाट बघतेय, या विचाराने त्यांच्या अंगावर काटा आला.

वहिनींचं मन मात्र तयार नव्हतं. "हसतीखेळती पोर. तिची छाती चिरायची? चष्म्याच्या काडीसाठी?" काकांचंही तेच मत. "दिसण्याचंच तर आहे भाऊ."

डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, छातीचा घेर साठ सेंटीमीटर झाला की या, त्याआधी कूर्चा पुरत नाही. तेव्हा घेर छप्पन होता. दर महिन्याच्या एक तारखेला वहिनी शिवणाची टेप काढायच्या आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायच्या. सत्तावन्न. अठ्ठावन्न. मग अठ्ठावन्नवर गाडी जी थांबली ती चार महिने हलेना. फ्रॉक आखूड होत होते, बाह्या तोकड्या पडत होत्या, घेर तेवढाच.

पाचव्या महिन्यात भिंगरीने हात खाली न घेता, आईकडे न बघता म्हटलं, "आई, तू टेप ओढून धरतेस."

कपडे शिवणाऱ्या बाईला टेप कशी धरायची ते कुणी सांगायला नको. गुडघ्यांवर बसल्या बसल्याच वहिनींनी नाक ओढलं आणि टेप सैल सोडली. एकसष्ट.

"मला भीती वाटते गं," त्या म्हणाल्या.

"मलापण वाटते," भिंगरी म्हणाली. "पण मला हवाय."

वहिनी दुसऱ्या दिवशी एकट्याच इस्पितळात गेल्या. डॉक्टरबाईंना त्यांनी काय काय विचारलं ते भाऊंना पूर्ण कधीच कळलं नाही. एवढंच कळलं, की कूर्चेचं वरचं आवरण शक्य तेवढं जागेवर ठेवतात, म्हणजे तिथे परत भरून येतं, आणि पोर पुढे हवं तेवढं पळू शकते. परत आल्या त्या तारीख घेऊनच.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी डॉक्टरबाईंनी भिंगरीच्या डाव्या कानावर एक्सरेची पारदर्शक फिल्म धरली आणि बारीक पेनाने कान उतरवून घेतला. बाहेरची कमान, आतली कमान, वाटी. मग फिल्म उलटी केली, आणि डाव्याचा उजवा झाला. वहिनी पुढे सरकल्या. कागदी नमुना उलटा ठेवून दुसरी बाही कापायची, हे त्या रोज करत होत्या. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैलावला.

सकाळी सिस्टर केस काढायचं मशीन घेऊन आल्या. भाऊ उठून उभे राहिले. "सिस्टर, मी काढू का? माझं कामच आहे ते."

सिस्टरने त्यांच्याकडे आणि मग त्यांच्या खिशातून डोकावणाऱ्या डबीकडे पाहिलं. "वस्तरा नाही हं. वस्तऱ्याने न दिसणारे ओरखडे पडतात, त्यातून जंतू शिरतात. मशीननेच. आणि तीन बोटंच."

भाऊंनी मशीन घेतलं. दोनदा त्यांनी मशीन बंद करून परत चालू केलं. दहा वर्षं जपलेला तो तिरका पडदा चादरीवर पडला, आणि ती शेंगेएवढी गुंडाळी खिडकीच्या उजेडात उघडी झाली.

"गार वाटलं," भिंगरी म्हणाली, आणि मान वळवून आरशात बघायला लागली.

ऑपरेशन सहा तास चाललं. भाऊ बाकावर बसले, उठले, जिन्यापर्यंत गेले, परत आले. वहिनींनी सोबत आणलेल्या एकाच कापडाला एकच हेम तीनदा घातली आणि तीनदा उसवली. डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. त्या धपकन बाकावर बसल्या.

"झालं. ती ठीक आहे. फुप्फुसाला काही झालं नाही." मग घोटभर पाणी पिऊन म्हणाल्या, "कूर्चा छान निघाली. एका तुकड्याचा तळ केला, खालच्या सुट्या बरगडीची बाहेरची कमान वाकवली, सगळं बारीक तारांनी टाचलं. थोडी उरली, ती छातीच्या टाक्यांखाली कातडीतच ठेवून दिलीय. दुसऱ्या ऑपरेशनला कानामागे टेकू द्यायला लागेल."

"म्हणजे उरलेलं कापड तिच्याच पेटीत ठेवलंत?" वहिनींनी विचारलं.

"अगदी तसंच. तिथे ते चांगलं राहतं."

वहिनी भाऊंकडे बघत राहिल्या. हे असं काही असू शकतं, हे दोघांच्या स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं.

शुद्धीवर आल्यावर भिंगरीने डोळे किलकिले केले, छातीवर हात नेला आणि खोल गेलेल्या आवाजात म्हणाली, "बाबा, कान छातीत दुखतोय."

भाऊंना हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरले. "हसू नका," ती म्हणाली. "तुम्ही हसलात की मला येतं, आणि मग फार दुखतं."

कानावर सैल पट्टी होती आणि तिच्यातून दोन बारीक नळ्या निघून काचेच्या छोट्या नळकांड्यांत गेल्या होत्या. नळकांड्यांत हवाच नव्हती. त्यामुळे आतलं पाणी ओढलं जात होतं आणि कातडी सांगाड्यावर चिकटून राहत होती. सिस्टर काही तासांनी नळकांडी बदलायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाई पट्टी उघडून बघत असताना बदलायची वेळ झाली, आणि त्यांनी भाऊंना खुणेने जवळ बोलावलं. "बघायचंय?"

सिस्टरने जुनी नळकांडी काढली. कातडी किंचित सैल झाली, फुगली, सगळ्या कडा पुसट झाल्या. झाकलेल्या उशीसारखा एक गोल उंचवटा, बाकी काही नाही. मग त्यांनी नवी नळकांडी जोडली. आणि भाऊंच्या डोळ्यांदेखत कातडी आत ओढली जाऊ लागली. आधी बाहेरची कमान वर आली. मग तिच्याआड खाच पडली. मग आतली कमान, तिचे ते दोन फाटे, मग मधली वाटी हळूहळू खोल होत गेली. कुणी कोरत नव्हतं, कुणी हात लावत नव्हतं. तिच्या डोक्याच्या कातडीतून एक कान उगवत होता.

भाऊंनी खाटेचा गज धरला. आयुष्यभर त्यांनी कान तयार झालेले पाहिले होते. होताना कधी पाहिला नव्हता.

"बाबा, काय दिसतंय? सांगा ना," भिंगरी कुरकुरली. तिला मान हलवायची बंदी होती.

"कमान," भाऊ म्हणाले. "टेकडी. वाटी. सगळं."

सगळं सरळ पार पडलं असं नाही. सहाव्या दिवशी वरच्या कडेला मसुरीएवढा काळा ठिपका दिसला. डॉक्टरबाईंचा चेहरा गंभीर झाला. तिथली कातडी मेली होती. तो वाढला तर कूर्चा उघडी पडणार, मग डोक्याच्या कातडीखालचा पातळ पडदा आणून ती झाकावी लागणार. रोज मलम, रोज पट्टी, आणि त्या बाजूला उशीचा स्पर्शही नको. वहिनींनी मऊ कापडाची मधे भोक असलेली गोल उशी शिवली. भाऊंनी सलून पंधरा दिवस बंद ठेवलं आणि ठिपक्याचं माप रोज वहीत उतरवलं. तो वाढला नाही. तिसऱ्या आठवड्यात खपली धरली आणि खाली गुलाबी कातडी दिसली. डॉक्टरबाईंनी भिंग लावून पाहिलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या जोरात हसल्या.

सात महिन्यांनी दुसरं ऑपरेशन झालं. छातीत जपून ठेवलेला तुकडा काढून कानामागे टेकू म्हणून बसवला, कान डोक्यापासून उचलला आणि मागच्या उघड्या जागेवर डोक्याच्याच कातडीचा पातळ पापुद्रा लावला. कान उभा राहिला. दोन महिने जाऊ दिल्यावर डॉक्टरबाईंनी परवानगी दिली आणि चष्मेवाल्याने इलॅस्टिकची पट्टी कापून टाकली. भिंगरी चष्मा घालून दुकानातून जी पळत सुटली ती थेट चौकात जाऊन थांबली. चष्मा होता तिथेच होता.

काका पुढच्या वेळी खुर्चीत बसले, तेव्हा भिंगरी शेजारी गृहपाठ करत होती. त्यांनी बराच वेळ तिरक्या नजरेने पाहिलं. "भाऊ, यातला कुठला?" ते कुजबुजले.

भाऊंनी त्यांना दाखवला. जवळून पाहिलं तर कळत होतंच. रंग जरा वेगळा, कड थोडी जाड, कानामागे पांढरी रेघ. "मी आपला काहीतरी बोललो होतो तेव्हा," काका म्हणाले. "मनावर घेऊ नका."

केसांचं मात्र भिंगरीने वर्षभर मनावर घेतलं नाही. तिरका कट तिला आवडायचा. मग एका सुट्टीच्या दिवशी ती आपणहून खुर्चीत चढली. "बारीक करा. दोन्हीकडे."

भाऊंनी कापड गुंडाळलं. उजव्या बाजूला आले आणि थांबले. डावीकडे जसा दुमडतो तसा हा दुमडायचा नसतो, आतली कूर्चा ताठ असते. त्यांनी तो फक्त दोन बोटांनी आधार देऊन धरला. कान उबदार होता. पातळ कातडीखाली कमान बोटाला लागत होती. हिच्या छातीतला तुकडा, परक्या बाईच्या हाताने घडवलेला, हिच्याच रक्तावर पोसलेला. कात्री अशी सावकाश त्यांनी कधीच चालवली नव्हती. पाठीमागे दोन गिऱ्हाइकं वाट बघत होती, पण कुणी घाई केली नाही.

अधूनमधून आता सलूनमध्ये केस न कापायला येणारी माणसंही येतात. डॉक्टरबाई पत्ता देतात. तान्हं बाळ घेऊन एखादं जोडपं दारात उभं राहतं, आणि भाऊ हातातलं गिऱ्हाईक उरकून त्यांना आत बसवतात. ते सल्ला देत नाहीत. काय झालं तेवढं सांगतात, काळा ठिपकाही सांगतात. आईने विचारलंच तर वहिनींना घरून बोलावून घेतात आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहतात.

भिंगरी तेरा वर्षांची झाली त्या थंडीत ती एका सकाळी काचेच्या दाराजवळच्या खुर्चीत वाचत बसली होती. दार नीट लागलेलं नव्हतं. ती उजव्या कानावर हात ठेवून, तळवा काढून, परत ठेवून बघत होती. ऑपरेशन झाल्यापासून तो कान बधिर होता, कुणाचा हात लागला तरी तिला कळायचं नाही.

"बाबा," ती म्हणाली, "या कानाला थंडी वाजतेय."

भाऊंच्या हातात फवारा होता. "काय म्हणालीस?"

"गार लागतंय. याच कानाला. वरच्या कडेला."

भाऊंनी फवारा ठेवला, दारापाशी गेले, आणि दार लावायच्याऐवजी तसेच तिथे उभे राहिले. फटीतून येणारी हवा त्यांनी आपल्या तळहातावर घेतली. खरंच गार होती.

"अहो बाबा, लावा ना दार," भिंगरी म्हणाली.